पुष्पांजली झेरॉक्सचा मालक

"पयलं काळं निघालं तं मले वाटलं, मशीन थंड हाये," पुष्पांजली म्हणाली. "म्हून गरमी वाढवली."

तिचा नवरा लीलाधर रहांगडाले याच्या हातात चकचकीत प्लॅस्टिकच्या पानांची चळत होती. वर्षभराच्या खरेदीची बिलं तिच्यात बंद झाली होती. टोनरची, कागदाच्या रिमांची, लॅमिनेशनच्या पाकिटांची. एकाही बिलावर एकही अक्षर उरलं नव्हतं. काळीभोर झाली होती सगळी. आता पुरात वाहून गेली तरी त्यांना काही होणार नव्हतं, एवढी मात्र खात्री होती.

"दुसरं काळं निघाल्यावर?"

"अजून वाढवली."

"आन् तिसरं?"

"मंग म्हटलं, येवढे केले तं राह्यलेले कायले सोडाचे!"

होलसेलवाल्याची बिलं गुळगुळीत कागदावर येतात आणि गरम झाली की काळवंडतात, हे लीलाधरला माहीत होतं. दुकानात त्याने तसा बोर्डच लावला होता : 'एटीएमची पावती लॅमिनेशन होणार नाही.' पण बोर्डाचं तोंड गिऱ्हाइकाकडे होतं आणि पुष्पांजली आत बसली होती. म्हणजे चूक बोर्डाची.

शिवाय तिला सांगितलंही त्यानेच होतं. धानाच्या रोवणीसाठी तो शेतात गेला, तेव्हा दुकान तिच्यावर सोपवून म्हणाला होता, "बिलं सांभाळून ठेवजो, टॅक्सच्या कामाची हायेत." आणि गोरेगावात सांभाळून ठेवणं म्हणजे लॅमिनेशन करणं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका. एका गृहस्थाने नागाची कात आणली होती. तीसुद्धा छान निघाली होती.

बिलं लागणार होती ती गाळ्यासाठी. तहसीलसमोर लीलाधरचा टिनाचा ठेला होता, आणि त्याच्या खालून आता नाली जाणार होती. ठेले उठणार होते. त्याबदल्यात नवे गाळे बांधले होते, ते आधी जुन्या दुकानदारांना मिळणार होते. अर्जासोबत आयकराचं रिटर्न आणि धंद्याचे कागद जोडायचे होते. रिटर्न त्याने जन्मात भरलं नव्हतं. त्याची कमाई त्या उंचीपर्यंत कधी पोचलीच नव्हती. गाळा हुकला तर मशीन घरी न्यावं लागलं असतं, आणि घर धानाच्या बांधीला लागून. तिथे झेरॉक्स काढायला म्हशी तेवढ्या आल्या असत्या.

तेव्हा दोघं एसटीने गोंदियाला निघाली. पुष्पांजलीने जेवणाचा डबा घेतला. तिला अपराधी वाटलं की ती स्वयंपाक जास्त करते. डबा बराच जड होता.

आधी होलसेलवाला चुन्नीलाल. त्याने कॉम्प्युटरमध्ये वरपासून खालपर्यंत शोधलं.

"भैया, आपका नाम तो है ही नहीं."

"कितीक वर्षापासून येऊन राह्यलो ना जी मी!"

"हाँ, पर आप कॅश में हो."

लीलाधरने वाकून पाहिलं. पार्टीचं नाव : कॅश. पत्ता : कॅश.

"मंग या कॅशचंच बिल काहाडून द्या."

"कौनसे कॅश का?" चुन्नीलाल हळहळून म्हणाला. "यहाँ तो आधा जिला कॅश है."

त्याने चहा मात्र पाजला. तोही बहुधा कॅशच्या नावावर लिहिला.

तिथून ती दोघं करसल्लागाराकडे गेली. हिमांशु बिसेन हा तरुण पोरगा होता, मूळचा गोरेगावकडचाच. त्याने काळी पानं उजेडात धरली, उलटी धरली, आणि शेवटी वास घेतला.

"काका, हे का होये?"

"बिलं."

"बरं," हिमांशु म्हणाला. टॅक्सच्या दिवसांत तो कशाचंच आश्चर्य करत नसे. "राहू द्या. छोट्या धंद्याले बिलाचं येवढं नाही लागत. जमा किती झाली ते दाखवावं लागते. पैसे कुठी येते?"

"तो चौकोन चिपकवला हाये ना. लोकं मोबाइलनं मारते."

"खातं कोनाचं?"

लीलाधरने पुष्पांजलीकडे पाहिलं. पुष्पांजलीने डब्याकडे पाहिलं. चौकोनवाला पोरगा आला तेव्हा लीलाधर तहसिलात गेला होता, आणि आधारकार्ड तिच्या पर्समध्ये होतं.

"दुकानाची नोंदणी?"

तीही पुष्पांजलीच्या नावावर. लग्नाच्या वर्षी ठेला टाकला, तेव्हा नवी बायको खूश व्हावी म्हणून त्याने बोर्डावर 'पुष्पांजली झेरॉक्स' रंगवून घेतलं होतं. पुढे नोंदणी करताना त्याने तेच नाव मालकाच्या रकान्यात भरलं. नाव सगळीकडे एकच पाहिजे, असं तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. स्वतः पाळायला नको?

हिमांशुचा चेहरा खुलला. "मंग काकू, धंदा तं तुमचा हाये! रिटर्न तुमच्या नावानं भरतो, गाळ्याचा अर्जही तुमचाच. एकदम पक्के कागद."

"आन् मी?" लीलाधरने विचारलं.

"तुमचा तं कुठीच कागद नाही ना, काका."

"मी तिथी रोज बसतो."

"बसन्याचा कागद नसते."

पंखा फिरत होता. पुष्पांजली एकदम म्हणाली, "नोको मंग. नाही भेटला गाळा तं नाही भेटला. धंदा याइचा हाये. मी दोन रोज बसली तं बिलं जाळून ठेवली, मी का मालकीन होतो!"

"काकांच्या नावानं करता येते," हिमांशु म्हणाला, "पन नोंदनी, खातं, सगळं बदलावं लागन. तवरीक अर्जाची मुदत निंगून जाईन."

लीलाधरने तालुक्यातल्या कित्येकांना काउंटरवर सांगितलं होतं, की भाऊ, कागद म्हनते तेच खरं, भांडून का फायदा? लोक ऐकून घ्यायचे आणि झेरॉक्सचे पैसे द्यायचे. आता ऐकून घेण्याची पाळी त्याची होती.

"लिव्ह बापू," तो म्हणाला.

"लिवू नोको!" पुष्पांजली म्हणाली.

"लिव्ह. गाळा भेटला पायजे."

हिमांशुने टाइप केलं. मालक : पुष्पांजली लीलाधर रहांगडाले. मध्ये त्याचं नाव आलं होतं. अगदीच नव्हतं असं नाही.

येताना एसटीत दोघांनी डबा खाल्ला. वडे होते. त्याने शेवटचा वडा तिला दिला आणि तिने तो अर्धा करून परत दिला.

आता अर्जाला जोडायचा एक फोटो तेवढा राहिला होता. मालक दुकानासमोर उभा असलेला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाऊस उघडला, ऊन पडलं. पुष्पांजली लग्नातली साडी नेसून ठेल्यापुढे उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"तुमीबी या ना बाजूले," ती म्हणाली.

"एकच मालक लागते."

त्याने मोबाइल डोळ्यांसमोर धरला. बोर्ड आला, ती आली, तिच्या मागे मशीन आलं. मावळतीचं ऊन त्याच्या पाठीवर होतं, आणि त्याची लांब सावली चिखलावरून जाऊन तिच्या पायांजवळून थेट काउंटरला टेकली होती. फोटोत ती सावली स्वच्छ दिसत होती.

"काऊन, का झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. हालू नोको."

तो दोन पावलं डावीकडे सरकला. मग अजून एक. सावली फोटोतून पूर्ण बाहेर गेली, तेव्हा त्याने बटण दाबलं.