मागे उभा असलेला

सात पिनांच्या त्या काळ्या प्लगला तळहातावर वजन असं नव्हतंच, आणि तरी श्रीरंगरावांना तो खाली ठेववेना – कचेरीतल्या जुन्या सोबत्याच्या, बळवंतच्या पत्राचंही असंच झालं होतं. चार वर्षांपूर्वी सांगलीहून आलेलं, एका पानाचं. 'श्रीरंगा, एवढंच सांग. त्या संध्याकाळी मी ब्रेक दाबला तेव्हा ट्रेलरचा दिवा लागला होता ना? तू हो म्हणाला होतास. हल्ली झोप येत नाही.' … उत्तराचे किती मसुदे झाले, पाठवला एकही नाही! एक तर नऊ पानांचा. त्यात स्मरणशक्तीच्या लहरीपणावर दोन पानं होती, धुक्यावर एक. दिव्याबद्दल ओळ नव्हती.

"बाबा, दे ना तो प्लग मिस्त्रींना," संपदा म्हणाली.

गुरुग्रामची नोकरी सोडून त्यांची ही लेक सोसायट्यांमधून रोपं विकत होती. रोपांसाठी तिने गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेतला, आणि या धुक्यात मागच्या दिव्यांशिवाय तो रस्त्यावर काढायचा नाही, असा हट्ट श्रीरंगरावांनी धरला. आता गाझियाबादच्या या वायरिंगच्या दुकानासमोर सकाळपासून उभं राहून पाय भरून आले होते.

गुलशन मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "मैडम, आप ब्रेक दबाओ. अंकल जी, आप पीछे खड़े हो जाओ. जले तो बोलना."

पीछे… चालवणाऱ्याला आपले मागचे दिवे कधीच दिसत नाहीत. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दावर तो निघतो. तीस वर्षांपूर्वी, कर्नाल रस्त्यावरच्या कचेरीच्या आवारात, मोजणीचं सामान लादलेल्या ट्रेलरमागे मीच उभा होतो – नाही, उभाही नव्हतो, पायरीवर बसलो होतो, मांडीवर पुस्तक, परिच्छेद संपायला चार ओळी उरलेल्या – आणि बळवंत पुढून ओरडला, "लागला का रे?" आणि मान वर न करता मी म्हणालो, हो. तासाभरात मागून स्कूटर येऊन आदळली. स्कूटरवाला गेला. चौकशीत विचारलं, ट्रेलरचा दिवा बंद सापडला, निघताना दिवे तपासले होते? पुन्हा हो. म्हणजे तार वाटेत निसटली असणार, असं ठरलं, आणि वाटेत बघणं चालवणाऱ्याचं काम… बळवंतची नोकरी गेली. गावी निघताना स्टेशनवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू तरी बघितलं होतंस, तेवढा आधार."

"जली, अंकल जी?"

श्रीरंगराव वाकले. लाल काचेच्या आत काहीतरी होतं – उजेड, की नुसतीच धुक्यातली सकाळ? शेजारचा पिवळा दिवाही किंचित मिणमिणत होता. हो म्हणून टाकावं. पोरगी गारठली आहे, मिस्त्री कंटाळला आहे, आणि आपली नजर ती काय…

"पता नहीं," ते म्हणाले. मग मोठ्याने, "ठीक से नहीं दिखा. फिर से दबाओ."

"बाबा, चार वेळा झालं यार!"

"पाचव्यांदा दाब."

"मैडम, अंकल जी तो आरटीओ वालों से भी सख़्त निकले," गुलशन हसला, आणि वाकून त्याने पांढरी तार हलवून पाहिली. "अर्थ ढीला है जी. अर्थ न मिले तो करंट इधर-उधर भटकता है. थोड़ा-थोड़ा सब जलता है, पूरा कुछ नहीं."

तो जमिनीच्या तारेबद्दल बोलत होता हे श्रीरंगरावांना कळत होतं. तरी नऊ पानांचा मसुदा आठवून त्यांचे कान तापले.

गुलशनने लोखंडावरचा रंग खरवडला, तार आवळली. या खेपेला लाल दिवा भक्कन लागला.

"जली," ते म्हणाले. पाहून.

परतताना त्यांनी पोस्टाशी गाडी थांबवायला लावली. अंतर्देशीय पत्र घेतलं आणि खिडकीशी उभ्याउभ्याच लिहिलं – 'बळवंत, मी बघितलं नव्हतं. मान वर न करता हो म्हणालो. चौकशीतही खोटं बोललो. दिवा लागला होता की नाही, मला माहीत नाही.' एवढंच? क्षमा मागायला नको का – पण ती वाक्यं एकदा सुरू झाली की आपण पुन्हा नऊ पानांवर जाणार… त्यांनी कडा चिकटवल्या. हा पत्ता अजून त्याचा आहे का, तो तरी आहे का, काही ठाऊक नव्हतं.

पेटीत पत्र पडल्याचा आवाजही नीटसा आला नाही. हलकं वाटेल अशी त्यांची उगीचच कल्पना होती. जाणवलं ते इतकंच, की पाय दुखताहेत, आणि सांगलीत कुणीतरी चार वर्षं करत असलेलं काम – रोज पोस्टमनची चाहूल घेण्याचं – आता आपल्याकडे आलं आहे.