अर्ध्यावर आटवलेलं तीर्थ

बुवा पळाला. मागच्या दाराने, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात दुसऱ्याची. पण ते घडलंच नाही असं तूर्त धरून चालू, कारण सकाळी दहाला तो ओट्यावर मांडी ठोकून बसला होता आणि अख्खं गाव हात जोडून उभं होतं.

गाव बाळाला बघायला लोटलं होतं. बाळ दोन महिन्यांचं. ओठ निळे, नखं निळी.

"अवतार आहे हा. आभाळातून आलाय," बुवा म्हणाला, "तर रंग आभाळाचाच असणार."

माना डोलल्या. आभाळ कधी काळंही असतं, हे कुणाला आठवलं नाही.

तेवढ्यात बाळाची आत्या बसमधून उतरून थेट घरात आली. ती शहरात पाणी तपासायची नोकरी करते. तिने बाळाची नखं पाहिली आणि पिशवी दारातच टाकली.

"वहिनी, हा रडत का नाही?"

"अवतार रडत नसतात म्हणे." वहिनी स्वतः मात्र रडायच्या बेतात होती.

"अंगावर पितो ना?"

"बुवांनी बंद करायला लावलं. आता डब्यातली दुधाची पावडर, विहिरीच्या तीर्थात कालवून. तीर्थ उकळून अर्ध्यावर आणायचं. जितकं आटेल तितकं पवित्र."

"दादा, गाडी काढ."

"बुवांना एकदा विचारून..."

"पोर हातचं गेल्यावर निवांत विचार."

दवाखान्यात बाळाचं रक्त काढलं, ते चॉकलेटच्या रंगाचं. डॉक्टरीणबाईंनी सुईत औषध भरलं, ते गर्द निळं.

"आधीच निळा आहे हो," दादा कळवळला.

तासाभरात बाळ गुलाबी झालं आणि त्याने असा टाहो फोडला की वहिनी हसतच सुटली.

"संपला अवतार," आत्या म्हणाली.

संध्याकाळी तिने ओट्यावर तपासणीची पट्टी विहिरीच्या पाण्यात बुडवली. पट्टी गुलाबी. आटवलेल्या तीर्थात बुडवली, जांभळी.

"अविश्वासाने रंगली," बुवा म्हणाला.

आत्याने तिसरी पट्टी शहरातून आणलेल्या पाण्यात बुडवली. पांढरीच राहिली. "अविश्वास तेवढाच आहे, बुवा. पाणी वेगळं आहे."

मग ती गावाकडे वळली. "पिकाला एक पोतं युरिया लागतो, तुम्ही तीन ओतता. उरलेल्याचं नायट्रेट होतं आणि झिरपून विहिरीत येतं. तान्ह्या पोटात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, पोर निळं पडतं. उकळून पाणी उडतं, नायट्रेट मागेच राहतं. म्हणजे अर्ध्यावर आणलं की दुप्पट."

"पण बुवा त्यांच्या भोपळ्याला नुसतं तीर्थ घालतात, तरी तो बिनखताचा फोफावतो, तो कसा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"विहिरीतच खत आहे, काका. तुमचंच."

दाढी वाढवण्याआधी बुवा दुकानात खत विकायचा. 'तीन पोती टाका' हा त्याचा पहिला मंत्र. गावाला हे ठाऊक होतं, पण दाढीनंतरचा माणूस नवा धरायचा रिवाज होता. आता सगळ्यांनी मिळून दाढीकडे पाहिलं. पुढचं आधीच सांगितलंय.

"लागतं तेवढंच खत टाका," आत्या म्हणाली. "तान्ह्याला अंगावर पाजा. पोर निळं दिसलं तर डॉक्टरकडे पळा. याला तीर्थ लागत नाही, डोकं लागतं."

गावाला मनापासून पटलं. दुसऱ्याच दिवशी सर्वांच्या सहीने कृषी कार्यालयात अर्ज गेला:

'विषय: युरियास समज देणेबाबत. महोदय, आमच्या शेतांत टाकलेला युरिया पूर्वपरवानगीशिवाय विहिरीत उतरतो. तरी त्याने मुळापाशीच थांबावे, असा लेखी आदेश त्यास बजावण्यात यावा. पोती तीनच राहतील, याची कृपया नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.'