इमोजीनच्या लग्नातली व्हिस्की

अडुसष्टाव्या वर्षी इमोजीन मॅटिंग्ली पुन्हा बोहल्यावर चढायला निघाली, याचं केंटकीतल्या त्या लहानशा गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नवरदेवाचं. थॅड ओर्ट हा विधुर गृहस्थ मूळचा मेरीलँडचा, आणि राय नावाच्या धान्याची तिखट व्हिस्की सोडली तर दुसरी कुठलीही त्याच्या लेखी सरबत. इकडे इमोजीनच्या माहेरची झाडून सगळी माणसं बर्बनच्या कारखान्यांत राबलेली. मक्याची ती गोडसर बर्बन म्हणजे व्हिस्की, आणि राय ही सर्दी झाल्यावर छातीला चोळायची वस्तू, असं तिचं स्वच्छ मत होतं.

लग्न तोंडावर आलं तरी दोन गोष्टी ठरत नव्हत्या. पाहुण्यांना पाजायचं काय, आणि लग्नानंतर राहायचं कुणाच्या घरी. दुसरा विषय निघाला की दोघंही घाईघाईने पहिल्यावर उडी मारत.

शेवटी एका शनिवारी थॅडच्या पिकअपमध्ये तिघं दाटीवाटीने बसली. गाडी चालवायला इमोजीनची धाकटी बहीण बर्नडीन.

हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाबाहेर रांग लागली होती. इमोजीनने काच खाली केली. "काय मिळतंय हो?"

"बारा वर्षं मुरलेली बर्बन!" रांगेतला एक टोपीवाला पर्यटक म्हणाला. "फक्त चारशे डॉलर."

"चारशे? मग ती भरवायला कुणी घरी येतं का?"

टोपीवाला गोरामोरा झाला. बर्नडीन इतकी खिदळली की गाडी बंद पडली.

तिथून तिघं गेली ओडेलकडे, तळ्याकाठच्या दुकानात. तिथे गळाला लावायची गांडुळं आणि व्हिस्की एकाच गल्ल्यावर मिळायची.

"शंभर माणसांचं लग्न आहे," इमोजीन म्हणाली. "खिसा फाटायला नको आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं डोकंही फुटायला नको. असं काय आहे तुझ्याकडे?"

ओडेल कण्हत खाली वाकला आणि अगदी तळच्या फळीवरून चार बाटल्या काढल्या. दोन बर्बन, दोन राय. प्रत्येकी वीस डॉलरच्या आतबाहेर. "दिसायला गरीब आहेत, पण पोटाला त्रास नाही. मी स्वतः याच पितो."

परतीच्या वाटेवर थॅडच्या अंगात आलं. "डोळे बांधून चाखूया, राणीसाहेब! ज्याला आपली व्हिस्की ओळखता येणार नाही, त्याने घर सोडून दुसऱ्याकडे यायचं."

बर्नडीनने कचकन ब्रेक दाबला. ज्या विषयाला दोघं महिनाभर वळसे घालत होती, तो असा मधोमध येऊन बसला होता.

"कबूल," ती म्हणाली. "सामान बांधायला घे, मेरीलँडकर."

दुपारी इमोजीनच्या ओसरीवर, झोपाळ्यात दोघं शेजारी शेजारी बसली, डोळ्यांना ताटं पुसायचे पंचे बांधून. बर्नडीनने आत जाऊन जॅमच्या रिकाम्या बरण्यांत चारही व्हिस्क्या ओतल्या आणि एकेक करून हातात दिल्या.

"शी! ही नाही. हीही नाही." तिसऱ्या बरणीला इमोजीन थबकली. "अगं बाई, हीच माझी! भाजलेला मका, करपवलेली साखर... थेट बाबांच्या कोटाचा वास!"

"आणि ही माझी राय," थॅड शेवटची बरणी हलवत म्हणाला. "मिरीचा ठसका बघ. हिच्यापुढे तुमची बर्बन म्हणजे बाळाचं औषध."

"तुझ्या नाकात गेला असेल ठसका!"

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. लग्न लावणारे फादर क्लेमन्स वधूवरांना दोन हिताच्या गोष्टी सांगायला आले होते. डोळे बांधून भांडणारी जोडी पाहून ते जागीच थिजले.

"कोण आहे ते?" इमोजीन ओरडली. "उभा काय राहतोस मेल्या, बरणी घे आणि बस!"

"मी... नंतर येऊ का?" फादर म्हणाले.

इमोजीनने पंचा ओढून काढला, फादरना पाहिलं आणि तोच पंचा तोंडात कोंबला. फादर मात्र बसले. बरणीही घेतली.

बर्नडीनला आता धड बोलताही येईना. "इमी... तू पसंत केलीस ती... राय आहे! आणि अहो मेरीलँडकर, तुमची ती ठसक्याची... बर्बन!"

थॅड आधी फुटला आणि पाठोपाठ इमोजीन. झोपाळा असा काही हेलकावला की दोघंही सरळ जमिनीवर. पडल्या पडल्याच हसत राहिली.

"म्हणजे दोघंही हरलात," डोळे पुसत बर्नडीन म्हणाली. "दोघांनीही घर सोडा!"

"चर्चच्या हॉलमध्ये गाद्या आहेत," फादर गंभीरपणे म्हणाले आणि बरणी रिकामी केली.

हसू ओसरलं तशी इमोजीन थॅडच्या खांद्याला धरून उठून बसली. "मी येते तुझ्या घरी. तुझ्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. मला पहिल्या दिवसापासून आवडलंय ते."

"अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू जाहीर केलंस! 'लग्नानंतर ती माझ्याकडे राहील', अख्ख्या गावासमोर. मी काय कपाट आहे उचलून न्यायला?"

थॅडचं तोंड उतरलं. मग तो गुडघ्यावर बसला. गुडघा कडाडला, तरी बसला. "इमोजीन, माझ्याकडे राहायला येशील?"

"येईन. पण माझ्या कोंबड्या येतील."

"किती आहेत?"

"ते विचारू नकोस."

लग्नाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये खारवलेलं हॅम, बिस्किटं आणि मोठमोठे जग होते. एका जगात ती राय, दुसऱ्यात ती बर्बन. चिठ्ठी कशालाच नाही. थॅडची मेरीलँडची बहीण, जिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, ती तिसऱ्या ग्लासानंतर ओडेलला नाचायला ओढून घेऊन गेली.

इमोजीन आभार मानायला उभी राहिली आणि तिला उचकी लागली. "मित्रहो—" उच्! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आज मला—" उच्! पुन्हा टाळ्या. पाठ केलेलं सगळं भाषण तिने सोडून दिलं, थॅडचा हात घट्ट धरला आणि प्रत्येक उचकीला वाकून नमस्कार करू लागली.