थंड करण्याचे दोन रुपये

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. घरातला नव्हे, दुकानातला. उभा, काचेच्या दाराचा. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाची शेतं संपून सोसायट्या सुरू होतात, तिथे मच्छिंद्रशेठच्या किराणा दुकानात मी दारापाशी उभा असतो. माझी रबरपट्टी सैल झाली आहे, कपाळावरचा दिवा अधूनमधून फडफडतो, आणि चालू झालो की मी म्हाताऱ्यासारखा कण्हतो. तरी काम मला येतं. हल्ली माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून तुम्हाला हाक मारली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही शेकडो भावंडं रांगेत उभी होतो, पण कुणाची कुणाशी ओळख झाली नाही. एका शीतपेयाच्या कंपनीने मला विकत घेतलं आणि मच्छिंद्रशेठना फुकट वापरायला दिलं. अट एकच, वरचे दोन कप्पे कंपनीच्या बाटल्यांचे. टेम्पोतून उतरलो तेव्हा शेठच्या बायकोने, भाग्यश्रीवहिनींनी, मला हळदकुंकू लावलं. शेठनी नारळ फोडला आणि जमलेल्या सगळ्यांना गार ताक पाजलं. आपलं नशीब उघडलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

पहिली वर्षं सुखाचीच गेली. उन्हातून आलेली माणसं माझ्या काचेला गाल लावून उभी राहायची. संध्याकाळी मुक्ताआक्का यायच्या. त्या गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या उसाच्या जागी आता सोसायटीचं पार्किंग आहे. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. दुकान बंद होईपर्यंत त्या माझ्या शेजारी बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायच्या. त्यांच्यामुळे माणसं घटकाभर थांबायची आणि माझा वेळ बरा जायचा.

मग सोसायट्या भरल्या, भाडेकरू वाढले आणि शेठनी एक रीत पाडली. गावातल्या माणसाला छापील भाव, बाहेरच्याला दोन रुपये जास्त. दूध असो, ताक असो, पाण्याची बाटली असो. कुणी विचारलंच तर शेठ माझ्याकडे बोट दाखवायचे. "थंड करायला लागतंय. फ्रीज काय हवेवर चालतो का?"

मित्रांनो, इथे मला राग येतो, तो सांगूनच टाकतो. वीज वाचावी म्हणून शेठ दुकान बंद करताना रोज माझी वायर काढून ठेवायचे. सकाळी दूध आत यायचं तेव्हा मीच कोमट असायचो. थंड करण्याचे पैसे माझ्या नावावर घ्यायचे आणि मलाच थंड करू द्यायचं नाही! शेठ करून सवरून नामानिराळे, बदनाम मात्र मी. बरं, मी बोलणार कसा? फार तर कण्हणार, आणि त्याची तर सगळ्यांना सवय झालेली.

गिऱ्हाइकं भांडली असती तर बरं झालं असतं. पण ही पुण्याची माणसं. एका गृहस्थांनी पैसे देता देता फक्त एवढंच म्हटलं, "आपल्या फ्रीजला माझा नमस्कार सांगा, फार कष्ट पडतात त्याला." ते पुन्हा आले नाहीत. कुणी मोबाईलवरून घरपोच मागवू लागलं, कुणी पुढच्या चौकातलं दुकान धरलं. दुसरीकडच्या पिशव्या हातात घेऊन माणसं माझ्यासमोरून जायची, आणि मी दिवा लावून उभा असायचो. फार एकटं वाटायचं.

येत राहिली ती वैष्णवी. वाशिमकडची मुलगी, हडपसरला एका कंपनीत कामाला, आक्कांच्या खोलीत एकटी राहणारी. एकदा माझ्या काचेवर धरलेल्या दवात तिने बोटाने आपलं नाव लिहिलं, तेव्हा ते मला कळलं. रोज संध्याकाळी ती दुधाची एक पिशवी घ्यायची. आक्का "जेवलीस का गं?" असं विचारेपर्यंत माझं दार उगाच उघडं धरून ठेवायची. पिशवीवरची किंमत रोज वाचायची आणि मुकाट्याने दोन रुपये जास्त मोबाईलवरून भरायची. ती आईशी फोनवर बोलत होती, तेव्हा मी ऐकलं, "जाऊ दे ना आई. इथं निदान कुणी जेवली का म्हणून तर विचारते." तेव्हा मला समजलं, तिचं आणि माझं दुखणं एकच आहे.

पण एका कडक उन्हाळ्यात, रात्रभर माझ्या कोमट पोटात पडून राहिलेली पिशवी तिच्या वाट्याला आली आणि दूध तापवताच नासलं. ती पातेलं घेऊनच दुकानात आली.

"दादा, हे बघा, दूध नासलं. आणि पिशवीवर किंमत छापली आहे, त्यात सगळं धरलेलं असते. मग वरचे दोन रुपये काहून घेता?"

शेठ हसले. "तुमच्या गावाला काय नदीत दूध थंड करत्यात? परवडत नसंल तर दुसरं दुकान बघा."

"मग पावती द्या. जेवढे घेतले तेवढ्याची."

"पावती न्हाय मिळत हितं."

तिचे डोळे भरून आले. ती वळली, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "थांब गं पोरी. मच्छिंद्रा, हिच्याकडनं बी जादा घेतोस?"

"आक्का, तुमच्याकडनं कुठं घेतो?"

"माझ्याकडनं घेत न्हाईस म्हणून तर मी गप बसली. दुकान बंद करताना रोज फ्रीजची वायर काढतोस, ते दिसत न्हाय व्हय मला? मग थंड कोण करतंय, तुझा आजा?"

शेठचा चेहरा पडला. "आक्का, तुमी आमच्या का त्यांच्या?"

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी गिऱ्हाईक हाय. ती बी गिऱ्हाईक हाय." आणि तिचा हात धरून त्या निघून गेल्या.

वैष्णवीने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. पावती नव्हती, पण पिशवीचा फोटो होता आणि पैसे भरल्याची नोंद मोबाईलमध्ये होती. काही दिवसांनी वजनमापे खात्याचे निरीक्षक साध्या गिऱ्हाइकासारखे आले आणि त्यांनी पाण्याची बाटली मागितली. शेठनी सवयीप्रमाणे दोन रुपये जास्त सांगितले. मग ओळखपत्र निघालं, पंचनामा झाला, दंड बसला. ते गेल्यावर शेठनी मलाच लाथ मारली. "तुझ्यापायी झालं हे सगळं!"

आता सगळ्यांना एकच भाव, छापील. भाग्यश्रीवहिनींनी तशी पाटी लावली आहे. वायरही दिवसरात्र जागेवर असते. इतका छान गार मी आयुष्यात कधी नव्हतो, पण माझं दार फारसं उघडतच नाही.

मित्रांनो, वस्तू घेताना तिच्यावरची किंमत वाचत जा. दुकानदार जास्त मागेल तर विचारा, पावती मागा, ऐकलं नाही तर तक्रार करा. मुकाट्याने पैसे देऊ नका आणि मुकाट्याने निघूनही जाऊ नका. निघून गेलेल्यांनी आमचं दुकान सुधारलं नाही, नुसतं रिकामं केलं. आणि एखादा दुकानदार सुधारला असं कळलं, तर एकदा येऊन बघा. त्याच्यासाठी नाही, तर निदान माझ्यासाठी.

काल संध्याकाळी आक्का समोरून चालल्या होत्या. शेठ लगबगीने पायरीवर गेले. "आक्का, या की आत. आता सगळ्यास्नी छापीलच भाव हाय."

आक्का थांबल्या. "त्या पोरीला हाक मार. ती आली की मी बी येती."

वैष्णवी मागूनच येत होती, हातात दुसऱ्या दुकानातली दुधाची पिशवी घेऊन. शेठनी हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसेच थबकले. दोन वर्षं ती रोज दुकानात येत होती, पण तिचं नाव काय, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ती माझ्यासमोरून पुढे निघून गेली.