आठवणीने रंगवलेली मण्यार

मित्रांनो, डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गावकऱ्यांच्या खोलीत टांगलेला मी एक जुना तक्ता आहे. माझ्या अंगावर दहा साप आहेत. पूर्वी मला त्यांचा अभिमान वाटे. आता कोणी मुलाबाळांना दाखवायला मला खिडकीपाशी नेले की दाखवणाऱ्याचे बोट माझ्यावर कुठे टेकते याचीच मला धास्ती वाटते.

माझा जन्म त्रेपन्न साली, गिरगावातला. श्यामकांत नावाचे एक चित्रकार तिथे राहत. परळला सर्पविषावरची लस तयार होते, तिथे जिवंत साप समोर ठेवून त्यांची चित्रे काढायची ही त्यांची नोकरी. त्या वर्षी गणपतीनंतर एक गिरणीकामगार बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे नाव दगडू, देवगडकडचा. डब्यात गावाहून आणलेला मेलेला साप होता.

"साहेब, हो कवड्यो की ही मण्यार?" त्याने विचारले. "दोन वर्सांमागे आमच्या बापाशीक असलोच चावलो. सगळे म्हणाले, कवड्यो आसा, काय होवचा नाय. सकाळी बापूस गेलो."

डब्यातला साप कवड्याच होता, अगदी निरुपद्रवी. श्यामकांतांनी त्याला फरक समजावून सांगितला. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट. तिचे पट्टे शेपटीकडे ठळक, डोक्याकडे जवळजवळ नाहीतच. मण्यार आपल्याकडच्या अत्यंत विषारी सापांपैकी एक.

"माका कळला," दगडू म्हणाला. "पण गावाक कोण सांगतलो? चितारून द्या, साहेब."

म्हणून मी झालो. जाड कागद कापडावर चिकटवला, वर-खाली लाकडी दांडे लावले. दर रविवारी श्यामकांत रंगवत आणि दगडूची ही हकीकत आपल्या मुलीला, नलूला, सांगत. नाग, घोणस, फुरसे, धामण, दिवड, हरणटोळ असे एकेक साप माझ्यावर उतरले. सगळ्यांत खाली, शेजारी शेजारी, मण्यार आणि कवड्या. नावे नलूने लिहिली, पक्क्या काळ्या शाईने. साप मात्र पाण्याच्या रंगांत होते. "ओल लागू देऊ नका हं," मला गुंडाळून देताना नलूने दगडूला बजावले होते.

डिलाईल रोडच्या खोलीत एकाच गावचे बावीस गडी राहत. पाळी संपवून एक जण आला की दुसरा त्याच अंथरुणावरून उठून कामावर जाई. अशा खोलीत खुंटीला जागा मिळणे म्हणजे मोठा मान. शिमग्याला, गणपतीला गडी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी निघत. त्याआधी दगडू त्यांना माझ्यासमोर बसवी आणि एकेका सापाची परीक्षा घेई. एकदा एक गडी गावाहून परतला तो हसतच. विहिरीतला बिनविषारी दिवड लोक ठेचायला निघाले होते, त्याने अडवले होते. त्या दिवशी खोलीत माझे कौतुक झाले. आमच्या गड्यांना जेवण रांधून घालणाऱ्या जाईबाई तर नागपंचमीला माझ्यावरच्या नागाला दुरून हात जोडत.

मग पंचावन्न-छप्पनची धामधूम सुरू झाली. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असे कळले आणि गिरणगाव पेटून उठले. जानेवारीत एका सकाळी मोर्चा निघायचा होता. फलक रंगवायला खोलीत ना पुठ्ठा उरला होता ना कापड. दगडूची नजर माझ्यावर पडली. माझी पाठ कोरी होती.

"पाटीरच तर लिवूचा आसा," तो म्हणाला. "सापांक काय होता?"

त्याने मला उलटे केले आणि ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' खोटे कशाला सांगू, मित्रांनो, मला त्या दिवशी आनंद झाला होता. बंद खोलीच्या भिंतीवरून मी एकदम हजारो माणसांच्या डोक्यांवर आलो होतो. नाक्यावर पोलीस आडवे आले. अश्रुधुराची नळकांडी फुटली, लाठ्या चालल्या. दगडूच्या खांद्यावर लाठी बसली तसा मी त्याच्या हातून सुटलो आणि रस्त्याकडेच्या गटारात पडलो. त्याला गाडीत कोंबताना मी पाहिले. त्यानंतर तो पाच महिने तुरुंगात होता.

संध्याकाळी जाईबाईंनी मला ओळखले. "आमच्या दगडूचो तक्तो," म्हणत त्यांनी मला उचलले, घरी नेले आणि चिखल जायला हवा म्हणून ओल्या फडक्याने घासून पुसले. चिखल गेला. त्याबरोबर माझी खालची बाजूही गेली. मण्यार आणि कवड्या दोन करड्या डागांसारखे उरले. खाली नलूची अक्षरे मात्र जशीच्या तशी होती.

खोलीत आनंदा नावाचा तरुण होता, गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, कामाला. दगडू त्याला भावासारखा. दगडू सुटून येईल तेव्हा तक्ता पुन्हा पहिल्यासारखा दिसावा, असे आनंदाच्या मनात आले. फलकांचा काळा आणि पांढरा ऑइल पेंट उरलाच होता. एका सुटीच्या दिवशी मला जमिनीवर पसरून त्याने दोन साप काळजीपूर्वक रंगवले. एकाचे पट्टे मानेपासून आणि दुसऱ्याचे शेपटीकडे, एवढे त्याला आठवत होते. कोणाचे कुठले, हे मात्र त्याला उलटे आठवले.

माझ्या अंगावर ब्रश फिरत होता आणि मला ओरडता येत नव्हते. खोलीतल्या एकालाही चूक दिसली नाही. "झकास," सगळे म्हणाले आणि मी पुन्हा खुंटीवर चढलो. गिरगावला जाऊन श्यामकांतांना एकदा दाखवावे, हे कोणाला सुचले नाही. श्यामकांतही मला देऊन झाल्यावर कधी फिरकले नव्हते.

मे महिन्यात आनंदा घर शाकारायला गावी गेला. त्याची बायको अंबिका गावीच असे. लग्नाला दीड वर्ष झाले होते. तो पंधरा दिवसांनी परतायचा होता, पण महिन्याने आला. आला तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला. जाईबाईंनी ताट वाढून आणले, ते तसेच राहिले. त्याच आठवड्यात दगडू सुटून आला. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे आनंदाचे तोंड उघडले.

तिन्हीसांजेची वेळ होती. अंबिका पडवीतली लाकडे काढत होती. काही तरी टोचल्यासारखे झाले म्हणून तिने हात झटकला. आनंदा धावला. साप लाकडांतून निघून चालला होता. आनंदा घाबरला नाही. त्याने कंदील धरून नीट पाहिले. पट्टे शेपटीकडे ठळक होते, डोक्याकडे नव्हते.

"मी तिका सांगलंय," तो म्हणाला, "घाबरू नको, कवड्यो आसा. आमच्या खोलयेत तक्त्यार आसा, मी स्वतः रंगवलंय."

तिच्या हाताला सूज नव्हती, फारसे दुखतही नव्हते. शेजारचे लोक डोली बांधून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला तयार होते. तिथे लस होती. आनंदानेच त्यांना परत पाठवले. जेवणे झाली. थोड्या वेळाने तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग ती म्हणाली, "माझे डोळे मिटतत."

"मी म्हटलंय, दमलंस, नीज वायच." ती पुन्हा जागी झालीच नाही.

तो उठला आणि कोनाड्यातला कोयता घेऊन माझ्याकडे आला.

"फाड," दगडू म्हणाला. "पण आदी माझा ऐक. ह्येका खुंटयेवरना काडलो कोणी? मी. नलूताई सांगत होती ओल लागू देव नको म्हणान, आणि मी मोर्चाक घेवन गेलंय."

"आणि वल्या फडक्यान पुसलंय ता मियाच रे," दाराशी उभ्या जाईबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून तिथेच बसल्या.

कोयता आनंदाच्या हातातून गळून पडला.

दुसऱ्या दिवशी दगडू गिरगावला गेला. श्यामकांत नलूला घेऊन त्याच पावली आले. अडीच वर्षांत त्यांनी आमची खोली पहिल्यांदाच पाहिली. वाकून त्यांनी माझ्यावरच्या त्या दोन सापांच्या पट्ट्यांवरून बोट फिरवले. मग त्यांनी आनंदाला, अंबिकेला चावलेल्या सापाचे पट्टे कुठे होते, ते विचारले. त्याने सांगितले.

"मण्यार," ते हलक्या आवाजात म्हणाले.

त्यांनी ऑइल पेंट खरवडून काढला. माझा कागद काही ठिकाणी फाटला. त्यावर त्यांनी दोन्ही साप पुन्हा रंगवले, अगदी जिथल्या तिथे पट्ट्यांसह. मग नलूला सांगून माझ्या तळाशी, सापांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत, एक ओळ लिहवून घेतली: 'साप चावला तर तो कोणता हे ओळखत बसू नका. माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या.'

आनंदाला वाचता येत होते. त्याने ती ओळ दोनदा वाचली.

"ह्या आदी कित्याक नाय लिवलात?" त्याने विचारले.

श्यामकांत आयुष्यभर साप पाहत आले होते. लस कुठे तयार होते, कशी देतात, सगळे त्यांना ठाऊक होते. ब्रश धुवायचे राहिले होते, ते तसेच पिशवीत टाकून ते जिना उतरले. जाताना नलूने वळून पाहिले. पुढे ते दर वर्षी मला तपासायला येत, रंग लावत, चहा घेत. आनंदाकडे मात्र त्यांना कधी सरळ पाहता आले नाही.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. खोलीतले गडी शिवाजी पार्ककडे निघाले. दगडू पुढे होता, दुखऱ्या खांद्यावर झेंडा घेऊन. "आनंदा, चल रे. सगळी मुंबई बघूक गेली," जाईबाई म्हणाल्या.

"तुमी जावा," तो म्हणाला. "ह्ये दोगे उद्या बोटीन जातत. माका ह्यांका दाखवूचा आसा."

सुटीसाठी गावी निघालेल्या दोघांना त्याने माझ्यासमोर बसवले. आधी तळची ओळ त्यांच्याकडून वाचून घेतली. मग स्वतःच्या बायकोचे काय झाले ते सांगितले, काहीही न लपवता. मग साप दाखवले. बाहेर फटाके वाजत होते, त्यामुळे त्याला मध्ये मध्ये थांबावे लागत होते. गेली चार वर्षे तो हे असेच सांगतो आहे. ऐकणारे बदलतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखे काही टांगलेले असेल, तर वर्षातून एकदा जाणत्या माणसाला बोलावून ते दाखवा. त्यावरचे पुसट झाले तर पुसटच राहू द्या, आपल्या आठवणीने भरू नका. कोरी जागा पाहून माणूस निदान दुसऱ्याला विचारतो. रानात, शेतात साप दिसला तर दुरून पाहा, ओळखा, जाऊ द्या. आणि कोणाला चावलाच, तर मला आठवू नका, माझ्यावरचे पट्टेही आठवू नका. डोली बांधा, बैलगाडी जुंपा, माणसाला उचला आणि निघा.

अंबिका एकोणीस वर्षांची होती.