बाकावरचा हात

पावणेसातला त्याने नादकाटा गुडघ्यावर आपटून उजव्या कानाशी धरला, मग डाव्या. शेवटी बायको आसपास नाही अशी खात्री करून दातांत धरला. दात शिवशिवले. सूर मात्र आला नाही.

"अहो, सुराचा काटा आहे तो, दातकोरणं नव्हे!" बायको कानाशी येऊन ओरडली.

"पुसत होतो."

"पुसा हो. पण आज जरा खालून घ्या. मागच्या रविवारी एवढे वर चढलात की तिसऱ्या ओळीला सगळ्यांनी नुसते जबडे वासले."

"कुणी काही बोललं मला?"

"बोलणार कोण? एकतीस वर्षं सूर देताय. पाळकसुद्धा घसा खाकरून गप्प बसतात."

भांडी विसळणाऱ्या सुनेने हसू लपवायला नळ मोठा सोडला. त्याने शर्टाचे बटण दोनदा भलत्याच काजात घातले.

पत्रे कापण्याच्या कारखान्यात त्याची उभी हयात गेली होती. कानही तिथेच गेले होते. त्यांच्या चर्चच्या मंडळीत वाद्य नव्हते. त्याने स्तोत्राची एक ओळ म्हणायची, सर्वांनी तीच मागून म्हणायची. सूर चुकला तरी त्याच सुरात म्हणायचे, असा तिथला शिरस्ता होता.

उपासनेत त्याने पहिल्या स्तोत्राची ओळ दिली आणि मंडळीकडे तोंड करून, सवयीने पहिल्या बाकाच्या कडेवर हात टेकला. मंडळी गाऊ लागली की ते लाकूड तळव्याखाली घुमायचे. आज ते निर्जीव होते. तो गळे पाहू लागला. पहिल्या रांगेतल्या निवृत्त परिचारिकेचे ओठ हलत होते, गळा स्तब्ध होता. तिच्यामागेही तेच. दुसऱ्या रांगेत एकट्या सुनेच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ती एकटीच त्याच्यामागून चढत होती.

तरीही उरलेल्या सगळ्या ओळी त्याने दिल्या. मग प्रार्थना सुरू झाली. माना झुकल्या, डोळे मिटले. त्याला बसवेना. तो उठला, दुसऱ्या रांगेपाशी गेला आणि काटा सुनेच्या हातात ठेवला.

"बाबा, हे काय?"

"मोठ्यानं बोल."

"मला नाही जमायचं!"

दहाबारा डोळे उघडले. पाळक क्षणभर थांबले.

"भांडी घासताना रोज जमतं," तो म्हणाला. "ऐकलंय मी. ऐकू येत होतं तेव्हा. ऊठ."

ती उठून पुढे गेली. तो तिच्या जागी बसला. बायकोने त्याच्याकडे न पाहता पदर आवरून जागा केली.

प्रार्थना संपली. सुनेने काटा आपटला, कानाशी धरला, ओळ म्हटली. त्याला फक्त तिचे ओठ दिसले. त्याने पुढच्या बाकावर तळवा टेकला आणि वाट पाहिली. लाकूड आधी हलकेच, मग टोकापासून टोकापर्यंत थरथरू लागले.

तळवा तसाच ठेवून, इतरांहून एक शब्द मागे, त्याने हळू आवाजात ओळ धरली.