यादीतलं नववं जहाज

किनाऱ्यावरच्या त्या रेडिओ केंद्रात बोलणारं तोंड एका खोलीत आणि ऐकणारा कान दुसऱ्या खोलीत, अशी व्यवस्था होती. तोंड म्हणजे ती, आणि कान म्हणजे निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ, ज्यांना साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे कानकाकाच म्हणत. सकाळी साडेनऊला आणि दुपारी चारला ती भर समुद्रातल्या व्यापारी जहाजांसाठी सरकारी निरोप वाचायची. आधी हवामान, मग कुठला दिवा विझलाय नि कुठे बुडालेल्या बोटीचा सांगाडा आडवा आलाय ते इशारे, आणि शेवटी ज्या जहाजांसाठी निरोप येऊन पडलेत त्यांची नावं, प्रत्येक नाव तीनदा. नाव ऐकलेल्या जहाजाने उत्तर द्यायचं, ते काकांनी टिपायचं आणि दोन खोल्यांमधल्या काचेच्या फटीतून चिठ्ठी सरकवायची. तिच्या खोलीत उत्तर कधीच ऐकू येत नसे. लग्नाआधी तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

लग्नाला तीन महिने झाले होते आणि त्यातले सव्वीस दिवस नवरा घरी होता. तो मालवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी. निघताना म्हणाला होता, "तुझं बरंय, तू रोज माझ्याशी बोलशील."

"तुझ्याशी आणि आणखी चाळीस जहाजांशी," ती म्हणाली होती. त्यावर तो हसला होता, पण कसा हसला ते आता मुद्दाम आठवावं लागे.

त्याच्या जहाजाचं नाव यादीत आलं ते एका सोमवारी, नवव्या क्रमांकावर. निरोप कंपनीचा होता: दुय्यम अधिकाऱ्याची रजा मंजूर, पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवावं. रजेचा अर्ज तिनेच त्याच्या मागे लागून करवून घेतला होता. आता जहाजाने उत्तर द्यायचा अवकाश, की निरोप वाचून दाखवता आला असता आणि नवरा घरी आला असता. कामातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही, अशी नोकरीला लागतानाची शपथ होती, म्हणून नाव यादीत आल्याचंसुद्धा तिने सासूबाईंना सांगितलं नाही.

सोमवारी चिठ्ठी आली नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. गुरुवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "सकाळी त्याचा फोन आला होता."

तिचा हात थबकला. "कधी?"

"साडेनऊ-पावणेदहा. तू कशी असशील घरी? नोकरी मोठी ना तुमची." सासूबाईंचा टोमणासुद्धा धुतलेली भांडी लावल्यासारखा असे, आवाज न करता जागच्या जागी. "तिला खोकला झालाय का, विचारत होता. औषध घे म्हणाला."

खोकला तिला त्याच सकाळी, इशारे वाचताना आला होता. घरी ती एकदाही खोकली नव्हती. ते प्रक्षेपण साध्या रेडिओवर लागत नसे, आणि त्या घरात तर साधाही रेडिओ नव्हता. सासूबाईंचं डोकं दुखायचं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना गाठलं. साहेबांनी तिच्यादेखत कंपनीला फोन लावला, ऐकून घेतलं आणि रिसीव्हर ठेवून टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "त्या जहाजाचा फोन नऊ दिवस लागत नाहीये. म्हणून तर निरोप आपल्याकडे आलाय. सासूबाईंचं काय आहे, वयात होतं असं." मग समुद्र मध्यम खवळलेला राहील असं सांगावं त्या आवाजात ते म्हणाले, "पंधरा दिवस नाव वाचायचं. उत्तर नाही आलं तर काट मारायची. नियम आहे. काळजी करू नका."

फोन मात्र रोज येत राहिला, नेमका तिच्या वाचनाच्या वेळी. शेवटी एक दिवस रजा टाकून ती सकाळी नऊपासून फोनजवळ ठाण मांडून बसली. केंद्रात साहेबांनी स्वतः वाचलं. अकरा वाजले, फोन वाजला नाही.

"आज कसा येईल?" आतून सासूबाई म्हणाल्या. "आज तू कुठे बोलावलंस त्याला?"

"मी बोलावते, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"तोच. मला काय कळतंय तुमच्या कामातलं?"

चौदाव्या दिवशी ती घरी आली तेव्हा सासूबाई नुसत्याच बसल्या होत्या, हातात काही काम नव्हतं. "त्याने सांगितलंय, आता नाव घेणं पुरे कर. नाव घेतलं की सगळ्यांना उठून उभं राहावं लागतं म्हणे. फार थकलीत माणसं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ऐक गं. मी आई असून त्याला जा म्हटलं."

"आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी काय म्हणाला?"

"तुझ्याशी बोलता येत नाही म्हणाला."

सव्वीस दिवसांत जे बोलायचं राहून गेलं त्याचीही एक यादी तिच्याकडे होती, चांगली लांबलचक. आणि हा आईशी बोलत होता, बायकोसाठी निरोप काय ठेवत होता, तर खोकल्याचं औषध.

सोळाव्या दिवशी यादी आली तेव्हा नवव्या नावावर लाल पेन्सिलीची काट होती. तिने आठवं नाव तीनदा वाचलं, मग नववं तीनदा, मग दहावं. काचेपलीकडे काकांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. चार वाजता तिने तेच केलं, दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. इतक्या वर्षांनी ते चुकीला दचकत नसत, शांततेला तेवढे दचकत.

तिसऱ्या सकाळी सव्वानऊला कानकाका तिच्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कधी त्या दारापर्यंत आले नव्हते.

"ताई, यादीत नसलेलं एक नाव वाचता तुम्ही."

"उत्तर आलं का, काका?"

काका फरशीकडे बघत राहिले. "चिठ्ठीवर लिहिण्यासारखं काही नाही."

"म्हणजे आलं."

"सोडा ना त्यांना, ताई."

"मला जे सांगायचं ते मला सांग म्हणावं. दुसऱ्यांच्या तोंडून नको."

"मी नुसता ऐकतो हो," काका म्हणाले. "तिकडे बोलणं माझ्या हातात नाही. ते तुमच्या."

"मग ऐका," ती म्हणाली, आणि तिने खुर्ची पुढे ओढली.

साडेनऊला तिने हवामान वाचलं, इशारे वाचले. आठव्या नावानंतर ती घोटभर पाणी प्यायली आणि नववं नाव तिने तीनदा घेतलं, जराही घाई न करता, दाराला लावलेली कडी नीट बसलीय की नाही हे ओढून बघावं तसं. मग बाकीची यादी संपवून, उत्तरांसाठी सोडायचं ते एक मिनिट ती गप्प बसली. तिच्या खोलीत नेहमीसारखंच काही ऐकू येत नव्हतं. काचेपलीकडे काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते, त्यांची वायरही भिंतीतून उपसून ठेवली होती, आणि दोन्ही तळहात आपल्या उघड्या कानांवर गच्च दाबून ते डोळे मिटून बसले होते.